मोहिनीला पाठवा

मुंबई, मंगळवार

मोहिनीच्या आबांना बेबाबाईचा नमस्कार.

फोन तुम्ही मध्येच कापता, म्हणून लिहिते. गुडघ्याला तेल लावता ना?

जेवतो म्हणून आपल्या तेजसनं इस्पितळातून तुम्हाला सांगितलं, ते खोटं. काल भरीत तोंडात धरलं आणि थुंकलं. ताप हटत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणते, हा ताप आणणारा विषाणू लहानपणापासून बहुतेकांच्या अंगात निजलेला असतो. जागा झाला की ज्या पेशीत शिरला, तीच त्याचा तुकडा दारावर टांगते. मदतनीस पेशी तो तुकडा ओळखून हाकाटी करते, मग मारणाऱ्या धावतात. मोहिनीच्या, त्याच्या बहिणीच्या, हाडातला मगज तेजसला दिला, पण त्यातून झालेल्या पेशी अजून नवख्या आहेत. केळीच्या मळ्यात परगावचा रखवालदार ठेवावा, तसं झालंय. चोरालाच रामराम करतो मेला!

मोहिनीच्या अंगातल्या जुन्या पेशी त्या विषाणूला ओळखतात. त्या तिच्या रक्तातून काढून तेजसला द्यायच्या आहेत. शिरपूरच्या पाहुण्यांना कळेल म्हणून तुम्ही पोरीला अडवलंत. सोयरीक मोडली तर मोडू द्या. ती केव्हाची पिशवी भरून बसली आहे.

तिला भुसावळला गाडीत बसवा. नाही तर चार माणसं घेऊन तेजसला घरी न्यायला तुम्हीच या. ते मला एकटीला जमणार नाही.

तुमची,
बेबाबाई