शिवबाईचं इरकल

प्रिय सोम्या,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे खुशाल आहेत. फोन केला की तू ‘अक्का, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस आणि मेसेज पाठवला की दात काढलेलं एक पिवळं तोंड चिकटवून मोकळा होतोस. म्हणून हे पत्र शेंगाच्या चटणीच्या डब्यावर बांधून पुण्याला पाठवतेय. चटणीसाठी का होईना, तू हे उघडशील याची मला खात्री आहे.

आधी बोरन्हाणाचं सांगते. अथर्वची पहिली संक्रांत, म्हणून आई आणि अप्पा कुर्डुवाडीहून आधीच येऊन राहिले होते. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट अशा थाटात तुझा भाचा पाटावर बसला आणि बसल्या बसल्या त्याने मुकुटच खायला घेतला. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या ओतल्या, तसा कॉलनीतल्या पोरांनी जो हल्ला केला, त्यात अथर्व रडायचंच विसरला. तुझे दाजी पोरांच्या घोळक्यात शिरून गोळ्या वेचत होते. माणूस चाळिशीला आलाय, पण फुकटची गोळी दिसली की काही सुधरत नाही त्यांना. आईने तर मला बाजूला घेऊन विचारलं, “जावयाला घरात खायला देतीस न्हवं?”

मग बायकांचे उखाणे झाले. समोरच्या प्रेमलाकाकू म्हणाल्या, आता अथर्वच्या ताईनं काहीतरी म्हणून दाखवायचं. राजनंदिनी जणू त्याचीच वाट बघत होती. माझी ओढणी तिने पदरासारखी घेतली, कमरेवर हात ठेवला, पदराच्या टोकाने ओठ पुसले आणि सुरू झाली. मला वाटलं, शाळेतली कविता म्हणतेय. ती कविता नव्हती. नवरा गावाला गेल्यावर फोनवरच्या व्हिडिओतली शिवबाई दूधवाल्याला जे जे विचारते, ते ते सगळं होतं, मधल्या थांब्यांसकट, डोळा मारण्यासकट. सात वर्षांची पोर! तिळगूळ धरलेले हात जागच्या जागी थांबले. प्रेमलाकाकू छतावरच्या पंख्याकडे बघायला लागल्या, आणि त्यांच्या सुनेने तोंडावर रुमाल धरला, पण तिचे खांदे हलताना मला दिसत होते. राजनंदिनी शेवटी थांबली आणि हसण्याची वाट बघत उभी राहिली. कुणी हसेना. लोकांना ऐकू गेलं नसेल असं वाटून तिने शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. मग मी तिचा दंड धरून तिला आत नेलं.

ही शिवबाई तुला ठाऊक असेलच म्हणा. जाहिरातीच्या कंपनीत आहेस, असल्या लोकांशी तुझा संबंध येत असणार. हिरवं इरकल लुगडं, हे एवढं कुंकू, अर्धा चेहरा झाकणारा चष्मा, आणि तोंड उघडलं की माणसाने खाली मान घालावी असं काहीतरी. माझ्या तिसरीच्या वर्गात दोन महिने तिचा धुमाकूळ चालला होता. पाढे म्हणायला उभं केलं की पोरं आधी नसलेल्या पदराने ओठ पुसायची. शेवटी मी पालकसभेत तिच्यावर भाषण ठोकलं. ही बाई आपल्या घरात शिरलीच कशी, मुलांच्या हातात आपण काय देतोय, असं बरंच काही. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी शाल तेवढी द्यायची ठेवली होती. आणि ती बाई निघाली माझ्याच स्वयंपाकघरातून, माझ्याच फोनमधून, मी भाकऱ्या थापत असताना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पाहुणे गेल्यावर घरात पंचायत बसली. दाजींनी फोन टीव्हीला जोडला. एवढी मोठी शिवबाई बघून अथर्वने टाळ्या वाजवल्या, बाकी कुणी नाही. अप्पांनी थोडा वेळ ऐकलं आणि कडाडले, “ह्या बाईला आई-बाप हायेत का न्हाईत?” दाजी म्हणाले, अप्पा, ती बाई नाही, बाप्या आहे. “मग तर लईच झालं,” अप्पा म्हणाले.

आई जमिनीवरची बोरं गोळा करत होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे शिवबाईचा एक शब्दही तिच्यापर्यंत पोचला नव्हता. तिने चष्मा चढवला, टीव्हीजवळ गेली, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “ह्ये इरकल माजं हाय.” कुणी लक्ष दिलं नाही. “अगं, हितं काठाला रफू हाय बघ. गोधडीला म्हणून सोम्या घिऊन गेला की!” तेवढ्यात टीव्हीतल्या शिवबाईने पदराच्या टोकाने ओठ पुसले, आणि तिच्यासमोर उभ्या असलेल्या आपल्या आईनेही अगदी तस्सेच ओठ पुसले. मी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

सोम्या, लेका, गोधडी बरी शिवलीस!

अप्पांनी त्यांचा प्रश्न काही मागे घेतला नाही, नुसतं आवाज कमी करा म्हणाले. पहिली हसली ती आई. “बाप्याला पदर कसा बसलाय बघ, माज्यापरीस ब्येस.” मग दाजी हसले, मी हसले, आणि आपण कशाला हसतोय हे आठवून दोघांनीही हसू आवरलं. खरं सांगू? नंतर तुझे पूर्वीचे व्हिडिओ एकटीने बघताना मी दोनदा तोंडात पदर कोंबून हसलेय. शिवबाई भाकरी थापता थापता जावेला टोमणे मारते, तो तर बिनतोड आहे. भाषण ठोकलं ते ठोकलं, पण आपल्या घरातली कला आहे, नाही कशी म्हणू?

आमच्या हसण्याने राजनंदिनी बाहेर आली. डोळे सुजले होते. टीव्हीकडे बघून म्हणाली, मामाच आहे की तो. मला पहिल्यापासून माहीत आहे. तुला कसं कळलं विचारलं, तर म्हणे शिवबाई बोलताना अंगठा मुडपते, मामासारखा. तिला वाटलं, मामाने वेश बदललाय म्हणजे हे त्याचं गुपित आहे, आपण सांगायचं नाही. तू दिवाळीला आला नाहीस ना, तेव्हापासून ती रोज संध्याकाळी माझ्या फोनवर तुला बघत होती. तिला विनोदाशी काही देणंघेणं नव्हतं रे, ती मामाला भेटायला जात होती. दूधवाल्याची गोष्ट काय आहे ते तिला समजलंय का, हे मी भीत भीत विचारलं. म्हणाली, त्याने दुधात पाणी घातलंय, म्हणून शिवबाई चिडलीय.

तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण सगळीच मुलं इतकी नशीबवान नसतात, हे मी रोज वर्गात बघते. तू मोठ्यांना हसवतोस, हसव. त्याबद्दल मी तुला एक अक्षर बोलणार नाही. व्हिडिओवर ‘मोठ्यांसाठी’ असं लिहितोस, तेही मी बघितलं. राजनंदिनीला ते वाचता येतं. पण मामा मोठ्यांसाठी आहे, हे तिला कसं पटावं?

तुला आठवतं, गड्ड्याच्या जत्रेतून आलं की तू पितळी परात वाजवत मृत्यूच्या विहिरीवर ओरडून गिऱ्हाईक बोलावणाऱ्या माणसाची नक्कल करायचास? अप्पा वर्कशॉपमधून दमून आलेले असायचे, हातपायही न धुता उंबऱ्यावर बसून बघायचे. गल्ली लोटायची. आजी, पोरं, नवीन लग्न झालेल्या सुना, सगळे एकाच वेळी, एकाच गोष्टीला हसायचे. कुणाला आत पाठवावं लागायचं नाही. मी परात धरायला असायचे आणि मला तुझा फार अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. हे तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून टाकते.

तीच नक्कल राजनंदिनीत उतरलीय. घंटागाडी, आमचे मुख्याध्यापक, दाजींचं घोरणं, सगळं हुबेहूब करायची. करायची म्हणते, कारण त्या दिवसापासून तिने ते बंद केलंय. घरी कुणी आलं की आतल्या खोलीत जाते. प्रेमलाकाकूंची नात खेळायला येत होती, तिला आता तिची आई गॅलरीतून हाक मारून परत बोलावते. परवा वेणी घालताना राजनंदिनीने मला विचारलं, आई, मी म्हटलं तर कुणीच का हसलं नाही? मी सांगितलं, तुझं काही चुकलं नाही, ती गोष्ट लहान मुलांनी सांगायची नव्हती. तिने मान डोलावली. पण ती मान मला ओळखीची आहे, माझ्या वर्गात न कळलेलं गणित कळलं म्हणणारी पोरं तशीच डोलावतात. गंमत करणं म्हणजेच काहीतरी वाईट, असं तिच्या मनाने घेतलंय.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. पुढच्या महिन्यात अथर्वला अकरावा महिना लागतो. सिद्धनाथाच्या देवळात जावळ काढायचं ठरलंय, आणि जावळ काढायला मामाची मांडी लागते. ‘मांडीवर कुणालाही बसवा, मी कडं पाठवतो’ असा तुझा मेसेज आला होता. कडं नको, मांडी पाठव. अप्पांना तोंड कसं दाखवू म्हणून तू येत नाहीस, हे आता मला कळलंय. अप्पा रोज जेवल्यावर दाजींना म्हणतात, “ती भाकरीची तेवढी लाव.” आई म्हणते, इरकल घेऊन ये, त्याच्यावर चोळी शिवायची राहिलीय. आणि राजनंदिनीने स्वतः एक विनोद रचलाय, अथर्वच्या टकलाचा. दार लावून माझ्या कानात सांगितला. मी हसून लोळले, तरी तिला भरवसा वाटेना. म्हणाली, तू हा मामाला लिहून पाठव, शिवबाई म्हणाली की लोक हसतील, मी म्हटलं की हसत नाहीत. सोम्या, तो विनोद मी या पत्रात लिहिलेला नाही आणि लिहिणारही नाही. तो तिने देवळाच्या ओट्यावर उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचा आहे, आणि मांडीवर टकलू भाचा घेऊन तू सगळ्यांच्या आधी हसायचं आहेस.

वाट बघणारी,
तुझीच
सुकन्याअक्का