चौदावा ठराव

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज एका घोर अन्यायाची नोंद करणं भाग आहे. गावच्या दुकानात कॉफीचे दोन थर्मास असतात – डावीकडे कडक, उजवीकडे फिकी. एकोणीस वर्षं मी निमूटपणे कडक पीत आलो. आज कप भरला तर मागून डेल्बर्ट गोशे म्हणाला, "अस्सं! म्हणजे तूही त्यांच्यातलाच!"

चौकशीअंती उलगडलं ते असं. जानेवारीपासून राष्ट्राध्यक्षांच्या बाजूची मंडळी उजवीकडे खिडकीपाशी बसतात, विरोधातली डावीकडे शेगडीपाशी. ज्याला जो थर्मास जवळ, तो त्यातली पितो. आधी बाकावरून कॉफी ठरली, आता कॉफीवरून माणूस ठरतो!

मी पडलो इथल्या साप्ताहिकाचा वार्ताहर. तटस्थ राहणं हा माझा स्वधर्म. म्हणून अर्धा कप कडक घेतली, त्यावर अर्धी फिकी ओतली. हे मिश्रण तोंडात धरवत नाही. दोन्ही बाकांवरून लोक माझ्याकडे संशयाने बघत होते, तो लाभ वेगळा.

शेगडीपाशी कॉन्स्टन्स पेल होत्या. पस्तीस वर्षं गावच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज मात्र अजून निवृत्त नाही. मार्चच्या गावसभेच्या पत्रिकेवर त्यांनी चौदावा ठराव घातलाय – संसदेने मत देऊन युद्ध जाहीर केल्याशिवाय आपल्या राज्याच्या गार्डमधले राखीव सैनिक परदेशी लढाईवर धाडू नयेत. दरवर्षी मार्चच्या पहिल्या मंगळवारी आम्ही बर्फाचा नांगर, शाळेचं छप्पर वगैरे हात वर करून ठरवतो. मग जेवण झाल्यावर जगाचंही ठरवतो. मंजूर झालेला ठराव टपालाने वॉशिंग्टनला जातो. पुढे त्याचं काय होतं, ते विचारायची पद्धत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आमची लेक ऋचा दुपारी जेवायला आली. गार्डमधलं तिसरं वर्ष. महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायत, बाकी कॉलेज. तिची तुकडी ट्रक दुरुस्त करते. पूर आला तेव्हा याच तुकडीने रस्ते मोकळे केले होते, तेव्हा मी पहिल्या पानावर छापलं होतं. अभिमानाने! तेव्हा गार्ड म्हणजे पूर, बर्फ, पडलेली झाडं.

आज म्हणाली, "सामान बांधून तयार राहा म्हणालेत. तिकडे आखातात जायचं असेल कदाचित. नक्की काही नाही गं, आई. अफवा."

शुभदाने वाढता वाढता हात थांबवला. ऋचाने तिसऱ्यांदा भात घेतला. अफवांनी हिची भूक वाढते!

निघताना म्हणाली, "बाबा, पेपरात छापू नकोस हं. दुकानातही नको." मी कबूल केलं. न बोलणं मला छान जमतं, पोटापाण्याचा धंदाच तो.

१६ फेब्रुवारी

टीव्हीवर चार तज्ज्ञ. चौघांनी नकाशावर बोट ठेवलं – चार ठिकाणी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधायला करतात तो वाद. जिंकायला करतात तो जल्प. स्वतःचं काहीच म्हणणं नसून समोरच्याचं पाडायचं, ती वितंडा. पुण्यात हे घोकलं तेव्हा वाटायचं, या तिसऱ्याचा उपयोग काय? आता एका थंड प्रांतातल्या दुकानात रोज सकाळी आठ वाजता प्रात्यक्षिक बघतो.

आजचं पुढीलप्रमाणे.

डेल्बर्ट: "गार्डमध्ये सही केली तेव्हा डोळे उघडे होते ना? मग झालं. सैनिक जातो. कुठे जायचं ते राष्ट्राध्यक्ष ठरवतो."

कॉन्स्टन्स: "कुठल्या कलमाखाली ठरवतो? तुझ्या तिन्ही पोरांना राज्यघटना मी शिकवली, डेल्बर्ट. बापाला शिकवायची राहून गेली."

"पोरं विसरली, बाई. तुम्ही काळजी करू नका."

"आणि तुझी ती रस आटवायची नवी कढई? कॅनडातून मागवलीस, तिच्यावर जबर कर कुणी बसवला? सीमेपलीकडची माणसं पूर्वी दर शनिवारी यायची. आता एक गाडी दिसते का? शेजाऱ्याशी भांडायचं आणि सात समुद्रांपलीकडे शांतता नेऊन पोचवायची!"

"तो मुद्दा वेगळा!"

"तुझा प्रत्येक मुद्दा वेगळा. एकाची दुसऱ्याशी ओळखच नाही."

डेल्बर्ट शहात्तर वर्षांचा. डोंगरावर त्याची मेपलची झाडं, पायथ्याशी रस आटवायचं गुऱ्हाळ. एकोणिसाव्या वर्षी व्हिएतनामला जाऊन आला. जगातल्या प्रत्येक विषयावर बोलतो, त्या एका विषयावर बोलत नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "तुझं काय म्हणणं, पेपरवाल्या?"

"मी दोन्ही बाजू लिहितो."

"म्हणजे काहीच नाही!" दोघं एकदम म्हणाले. महिन्याभरात गावाचं एकमत झालेला हा एवढाच मुद्दा.

घरी येईपर्यंत चिडचिड. कुणावर, ते ठरेना. या देशात लढाई म्हणजे हवामानासारखी झाली आहे – सगळे बोलतात, घोंगडी शोधतात, आणि ती यायची तेव्हा येते!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कॉन्स्टन्सबाई घरी आल्या. बूट न काढता दारातच उभ्या.

"पुरू, डोकी मोजलीत मी. पन्नास माझ्याकडे, चाळीस त्यांच्याकडे. चौदावा ठराव मी मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवायला सांगितलाय, जेवणानंतर. घाईघाईत नको. निवांत चर्चा होऊ दे."

"छान."

"तू मतदारयादीत आहेस."

"मी वार्ताहरांच्या टेबलाशी असतो. एकोणीस वर्षांत एकदाही हात वर केलेला नाही. डेल्बर्ट माझी बातमी वाचतो ती त्यामुळेच."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. असं पाहिलं की वर्गातली मुलं खोडरबर परत देत असणार. "आणि ऋचा काय वाचते?"

म्हणजे यांनाही कुणकुण लागलेली! मी चहा विचारला. नको म्हणाल्या.

२ मार्च, सोमवार

शुभदा: "उद्या मला हॉस्पिटलात ड्यूटी आहे. माझ्याही वाटचा हात वर करा."

"दुसऱ्याच्या वाटचा करता येत नाही."

"मग तुमचा तरी करा."

"अगं, वार्ताहराने–"

"वार्ताहर आहात. बाप कुणी दुसरा आहे का?"

मी पेन्सिल शोधायला गेलो. पेन्सिल खिशातच होती.

३ मार्च, मंगळवार

सगळं क्रमाने लिहून काढतो. उद्या पेपरासाठी लिहायचंय ते वेगळं असेल.

नऊला सुरुवात. हॉल गच्च. पहिल्या तासात गाव शहाण्यासारखं वागलं. मग पाचवा ठराव आला – बर्फाच्या नांगराचा नवा ट्रक. एक तास दहा मिनिटं! जुना घ्यावा की नवा, डिझेलचा की कसा, आणि शेवटी रंग. हिरवा की नारिंगी, यावर कॉन्स्टन्सबाई स्वतः दोनदा बोलल्या. नारिंगी जिंकला.

दुपारी नेहमीप्रमाणे घरोघरून आणलेलं जेवण. घेवड्याच्या तीन प्रकारच्या उसळी, मक्याचा पाव, आणि शुभदाने पहाटे करून दिलेला मसालेभात, जो दरवर्षी सगळ्यात आधी संपतो. जेवताना कुणीतरी दार उघडलं आणि म्हणालं, "ऊन बघा!"

तेवढंच म्हणाला. पण मी पाहिलं, सगळ्या हॉलचे चेहरे खिडकीकडे वळले. रात्रभर गोठलं होतं, आता छपरावरून पाणी टपकत होतं. मेपलचा रस सुटायचा पहिला दिवस! रस थांबत नाही. टाक्या भरून वाहू लागल्या की गेला तो गेला. पाच मिनिटांत खुर्च्या सरकायला लागल्या. डावे गेले, उजवे गेले. टोप्या घालताना एकमेकांना "तुझ्याकडे टाकी जास्तीची आहे का?" विचारत गेले. कॉन्स्टन्सबाई दारात आडव्या. "अरे, चौदावा राहिलाय! चौदावा!" त्यांचे पन्नास आणि समोरचे चाळीस, दोन्हीला गळती.

एवढ्या वर्षांत गावसभा कधी आणि रस कधी हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि या बाईंनी ठराव मुद्दाम शेवटी ठेवला – निवांत चर्चा व्हावी म्हणून!

गावातलं सगळ्यात मोठं गुऱ्हाळ डेल्बर्टचं. तो मात्र जागेवर बसून. म्हटलं, ठराव पाडूनच उठणार हा बुवा.

चर्चा दहा मिनिटं. जी दुकानात, तीच. मग सभापती ईडिथ थिबो म्हणाल्या, "बाजूने असतील त्यांनी हात वर." मी मान खाली घालून खुणा मोजत होतो. एकदा वर पाहिलं तर डेल्बर्टचा हात वर, हातात टोपी. बाहेर जायची परवानगी मागत असेल. मी पुन्हा मान खाली घातली.

अडतीस.

"विरोधात?"

अडतीस.

ईडिथबाईंनी दोनदा मोजायला लावलं. मग म्हणाल्या, "सभापतीने मत द्यायची आपल्याकडे रीत नाही. समसमान म्हणजे ठराव पडतो. मत द्यायचं कुणी राहिलंय का?"

हे विचारताना त्या सगळ्या हॉलकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

मी वहीत लिहिलं – 'सभापतींनी विचारलं, कुणी राहिलंय का.' अक्षर चांगलं आलं.

"ठराव नामंजूर," ईडिथबाई म्हणाल्या.

४ मार्च

शुभदाने काल विचारलं, "किती?" मी सांगितलं. "आणि तुम्ही?" – "मी लिहीत होतो." तिने चमचा खाली ठेवला. तेव्हापासून माझ्याशी इंग्रजीत बोलते आहे. त्या भाषेत अहो आणि अरे एकच, त्यामुळे नेमकी किती रागावली आहे तेही कळत नाही.

बातमी दिली. दोन्ही बाजू आल्या. संपादकांचा निरोप: 'नेहमीप्रमाणे समतोल.'

५ मार्च, गुरुवार

दुकानात गेलो नाही. हंगामाची बातमी करायला म्हणून डेल्बर्टच्या गुऱ्हाळात गेलो. आत वाफच वाफ. कढईपाशी तो एकटाच, झाऱ्याने फेस काढत.

"पहिल्या दिवसाचा रस कसा होता?"

"निम्मा वाया गेला. टाकी भरून वाहिली. मी हॉलमध्ये बसलो होतो ना."

"ठराव पाडायला," मी म्हटलं. जरा खोचकच म्हटलं.

त्याने झारा थांबवला. "पाडायला? अरे आंधळ्या, माझा हात वर होता तो काय खांदा मोकळा करायला?"

"पण महिनाभर तू–"

"महिनाभर काय? राष्ट्राध्यक्ष माझाच आहे. उद्याही दुकानात त्याच्याच बाजूने भांडेन, त्या मास्तरीणबाईला सांगून ठेव. पण तुझी रिच चार हंगाम इथे उभी होती, याच कढईपाशी. बाटल्या भरायची, तुमची ती गाणी म्हणायची. तिची तुकडी जाणार हे अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे. तू कुणापासून लपवतोस?" मग बराच वेळ फेसच काढत राहिला. "एकोणिसाव्या वर्षी तिथे काय असतं ते मला माहीत आहे. मला पाठवताना कुणी हात वर केला नव्हता. ना इकडचा, ना तिकडचा."

वाफेत त्याचा चेहरा दिसत नव्हता, ते बरं होतं.

"डोकी मीही मोजली होती," तो म्हणाला. "कॉन्स्टन्सपेक्षा मला बरं मोजता येतं. लोक उठून गेल्यावर पुन्हा मोजली. एकोणचाळीस भरत होते. म्हणून बसलो."

एकोणचाळिसावा कोण, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. हंगामाची बातमी लिहायची राहिली.

८ मार्च, रविवार

ऋचाचा फोन. आदेश निघाला. बावीसला जायचं. कुठे, ते सांगता येत नाही म्हणाली.

"त्या ठरावाचं काय झालं रे, बाबा?"

"पडला."

"कितीने?"

"एका मताने."

हसली. "बिचाऱ्या पेलबाई! तो एक कोण ते शोध आणि छाप पेपरात."

ठराव मंजूर झाला असता तरी ती गेलीच असती. टपालाला वॉशिंग्टनला पोचायलाच आठवडा लागतो. ते मला तेव्हाही कळत होतं. हात वर केला नाही, त्यात वार्ताहराचा धर्म वगैरे काही नव्हतं. वर केला असता तर ती जाणार हे मी सगळ्या गावासमोर मान्य केलं असतं, आणि ते माझ्याने होईना.

ती परत येणार नाही, अशी मला भीती वाटते.