सुनंदाचा प्रश्न

परभणी, मंगळवार, १२ मार्च १९९१

माझी तात्पुरती नोकरी टिकणार की नाही, ते प्राचार्यांच्या हाती. आणि आज तेच माझ्या तासाला मागच्या बाकावर! उपग्रहाकडे जाणाऱ्या लहरीच्या दोनऐवजी चार अवस्था केल्या की त्याच वाटेनं दुप्पट मजकूर जातो, असं शिकवलं. सुनंदानं विचारलं, "मॅडम, मग सोळा का न्हाई करायच्या?" "पुढच्या वर्षी शिकाल," असं सांगून मी वेळ मारून नेली. प्राचार्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल?

संध्याकाळी वर्तुळावर एकेका अवस्थेचा एक असे सोळा ठिपके काढले, तेव्हा उलगडलं. ते इतके जवळ येतात की जराशा खरखरीनं एकाच्या जागी दुसराच वाटेल. तशीच मुलींच्या वसतिगृहात गेले. "सकाळी मला येत नव्हतं गं," म्हटलं.

सुनंदाचे डोळे भरले. "मला वाटलं, तुमी रागावलात."

उद्या हेच वर्गात सांगणार. प्राचार्य बसले असले तरी.