काचेला चिकटलेली आई

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, पण आधी ओरडा खा.

आईचं मी काढलेलं कोळशाचं चित्र हल्ली फिकट दिसतं, असं तू सहज लिहिलंस. दिसणारच! काच आणि कागद यांच्यामधली पुठ्ठ्याची पट्टी बेढब दिसते म्हणून तू काढून टाकलीस, आणि वर रोज सकाळी काच खसाखसा पुसतोस. अरे शहाण्या, आई आता काचेला चिकटली आहे! शाळेत चित्रकलेच्या सिस्टर सांगायच्या, कोळसा कागदाला धरून नसतो, नुसता टेकलेला असतो; काच घासली की ती त्याची भुकटी ओढून घेते. निघताना तुला किती बजावलं होतं. तू म्हणालास, "ताई, मी काय लहान आहे?"

आहेस!

आई समोर बसली असताना काढलेलं ते एकच चित्र होतं. तुझ्या प्रेमापुढे तेही टिकलं नाही.

आता फडकं ठेव. चौकट भिंतीवरून अलगद उतरव आणि आडवी ठेव. उघडू नकोस, मी आल्यावर बघीन.

लेकीकडे सगळं ठीक आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? चित्राचं खापर तिच्यावर फोडू नकोस.

मी इथे आईला पुन्हा काढते आहे. डोळे जमले, हनुवटी जमत नाही. ती तुझ्याकडे आहे. तेव्हा दाढी कर, खिडकीपाशी बस आणि फोटो काढून पाठव. हसू नकोस. चित्राला बसताना आईही हसत नव्हती, आणि आत्ता मीही हसत नाहीये.

तुझी,
अजून रागावलेली ताई