अकरा मिलिमीटरची कड

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, तेव्हा हा साष्टांग खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे.) तुझी तब्येत उत्तम असेलच, कारण ती वाईट असली तरी तू उत्तमच सांगतोस. वहिनी काल संध्याकाळी फोनवर म्हणाल्या की सकाळपासून तुझ्या डोळ्यापुढे काळ्या माश्या उडतायत, मधूनच वीज चमकल्यासारखं होतंय, आणि डॉक्टरांचं नाव काढलं की तू पेपर उघडून बसतोस. त्याबद्दल मी या पत्रात अक्षरही काढणार नाही. तू मोठा, डोळा तुझा, माश्याही तुझ्याच. पत्रास कारण इतकंच की मी नवा चष्मा केला आणि माझी पुरती शोभा झाली.

शाळेत तू ढापण्या आणि मी ढापणी. तुझा नंबर उणे नऊ, माझा उणे चौदा. (तेवढ्या एकाच बाबतीत मी तुझ्यापुढे होते.) पुढे तू लेझर करून घेतलंस, चष्मा फेकून दिलास, आणि तेव्हापासून जाड काचेचा माणूस दिसला की तू त्याच्याकडे गरीब नातेवाइकाकडे बघावं तसं बघतोस. म्हटलं, आपणही या वयात का होईना, जरा माणसात यावं. चष्मेवाल्याने माझा जुना चष्मा हातात घेतला, कडेला पट्टी लावली आणि ‘अकरा मिलिमीटर’ अशा सुरात म्हणाला, की ऐकणाऱ्याला वाटावं ताप सांगतोय. मग समजावून सांगितलं: उणे नंबरची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, फ्रेम जितकी मोठी तितकी कड जाड, तेव्हा काच भारीतली घ्या, फ्रेम लहान घ्या, कड निम्म्यावर येईल. मी म्हटलं, द्या. फ्रेम इतकी लहान निघाली की ही माझी की भाचीच्या बाहुलीची, असा आमच्या ह्यांना प्रश्न पडला. (ह्यांना नुसते प्रश्न पडतात, उत्तरं मला द्यावी लागतात.) पण दिसत होते बरी. जिन्यातल्या शेजारणीने तर ओळखच दिली नाही, एवढी बरी.

आता गंमत ऐक. या काचेतून समोर बघितलं तर सगळं स्वच्छ, पण कडेतून तिरकं बघितलं की पांढऱ्या वस्तूला एकीकडून निळी आणि दुसरीकडून पिवळी किनार दिसते. चष्मेवाल्याने हे सांगितलं नव्हतं असं नाही. तो सांगत होता तेव्हा मी आरशात बघत होते. दुसऱ्याच दिवशी आमच्या शिलाईच्या दुकानात एक वकील पांढराशुभ्र शर्ट फिटिंगला घालून उभे. मी वहीत माप लिहिता लिहिता तिरकी नजर टाकली आणि म्हणाले, कॉलरला निळी पायपिंग काय खुलून दिसते हो, धाडस लागतं याला. वकील आरशात वाकून बघायला लागले. मास्तरांनी कात्री खाली ठेवली. पायपिंग अर्थातच नव्हती. आता चूक कबूल करावी की नाही? (आपल्या घरात ती पद्धत नाही.) मी पायपिंग कशी हवीच हे पटवायला लागले, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना पटवणारा तो माणूस चक्क पटला. आता ते निळ्या पायपिंगचा शर्ट घालून कोर्टात जातात, आणि बँडपथकाची केस आज कुणाची आहे, असं न्यायाधीशांनी विचारलं म्हणे. मास्तर तेव्हापासून माझ्याशी मापापुरतंच बोलतात.

तशीच तणतणत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, काच निम्मी झाली, मग नंबर का नाही निम्मा झाला? त्या म्हणाल्या, नंबर काचेत नसतो, डोळ्यात असतो. आपल्यासारख्यांचा डोळा मागच्या बाजूला लांबलेला असतो आणि आतला पडदा त्या लांबीवर ताणलेला. हे मला लगेच कळलं. कापड तेवढंच, अंग वाढलेलं. शिवण कुठे उसवेल सांगता येत नाही. (मी तुझ्याबद्दल बोलत नाहीये.) सहज विचारलं, की समजा एखाद्याने लेझर करून नंबर घालवला असला तर? त्या म्हणाल्या, नंबर गेला तरी पडदा तोच. म्हणजे वरून इस्त्री केली, अस्तर जुनंच. (हेही तुझ्याबद्दल नाही, लेझर पुष्कळ लोक करतात.) माश्या आणि विजा एकदम दिसायला लागल्या तर लगेच यायचं असतं म्हणे. पडद्याला भोक पडलं असेल तर कडेने टाके घातल्यासारखं पक्कं करून देतात, दहा मिनिटांचं काम. उशीर केला तर पडदा सुटतो, आणि मग गेलेली नजर परत येईलच असं नाही. हे ऐकून मी घाबरले, दादा. पण तो विषय काढायचा नाही असं ठरलंय.

बाकी इकडे सगळे मजेत. मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुझी,
ढापणी

ता. क. चष्मा चारचौघांत बरं दिसण्यासाठी केला, हे खोटं आहे. गेल्या महिन्यात पांढरं कापड बेतताना मला त्यावर मुंग्या दिसल्या. मी तीनदा झटकल्या. चौथ्यांदा मास्तरांनी हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डाव्या डोळ्यात भोक होतं, ते पक्कं करून घेतलं, आणि नवा चष्मा त्याच फेरीत झाला. तुला कळवलं नाही, कारण दुखणं लपवायची विद्या आपण दोघं एकाच घरात शिकलो. वकिलांची गोष्ट मात्र खरी.

आणखी एक. पत्र एवढं लांबवलं, त्यालाही कारण आहे. तुझ्या लेझरचे जुने कागद कपाटातून काढून तयार व्हायला वहिनींना पंधरा मिनिटं हवी होती, आणि तुला तेवढा वेळ एका जागी बसवायला माझ्या फजितीइतका खात्रीचा उपाय दुसरा सुचला नाही. त्यांनी पत्र हातात देऊन आत पळ काढला तो त्यासाठीच. आता दारात उभ्या असतील बघ. स्कूटरची किल्ली शोधू नकोस, ती त्यांच्या पर्समध्ये आहे. डोळ्यात थेंब घातल्यावर तुला गाडी चालवता येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी अकराला बोलावलंय. मी खाली टॅक्सीत बसलेय. शर्टाची बटणं खालीवर लागली तरी लागू देत, मी वाटेत नीट लावीन. चपला घाल आणि ये. घाबरला असशील, तर घाबरलेलाच ये.