दिसणारा व्रण

प्रिय इलिंकाताई,

फोन उचलत नाही म्हणून चिडली असशील. बोलताच येत नाही गं. वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेत आणि माझा फोन तुझ्या मेहुण्याच्या, दोरूच्या खिशात आहे. नळीने सूप पिते. हा कागद शेजारच्या खाटेवरच्या मारियोआराबाईंचा. पत्र टपालात त्यांची सूनच टाकेल.

डावीकडे, कानापुढचा जबड्याचा सांधा मोडला. पायऱ्यांवरून पडली, असं दोरूने सगळ्यांना सांगितलंय. आईलाही.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर तुदोसेबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरून समजावलं. नुसते दात बांधून ठेवले तर हाड वाकडंच जुळेल, चावताना दातांवर दात बसणार नाहीत. तोंडाच्या आतून गेलं तर बाहेर खूण राहत नाही, पण मोडलेली जागा इतकी वर आहे की तिथवर नीट दिसत नाही. कानाखालून, बाहेरून गेलं तर तुटलेलं हाड समोर दिसतं, हाड जोडणारी धातूची पट्टी चोख बसते. मात्र व्रण राहतो, आणि चेहऱ्याची नस तिथूनच जाते. तिला धक्का लागला तर ओठ लुळा पडतो. बहुधा काही महिन्यांत सुधारतो, क्वचित कायमचा राहतो. "मी असते तर बाहेरूनच करून घेतलं असतं," त्या म्हणाल्या.

मी पाटीवर काही लिहायच्या आत दोरू बोलला, "तोंडातूनच करा. बायकोच्या थोबाडावर खूण नको. लोक काय म्हणतील? आणि तोंड थोडं कमी उघडलं तर बरंच, घरात शांतता!" एकटाच हसला.

"सही त्यांची लागते, तुमची नाही," बाई म्हणाल्या. "जरा बाहेर थांबा. तपासायचंय."

दार लागलं. तो काचेपलीकडे उभा होता. बाईंनी माझ्या हनुवटीवरून बोट फिरवलं. हळूच म्हणाल्या, "पायऱ्यांवरून पडलं की बहुतेकदा आधी हनुवटी फुटते. तुझी तर धड आहे, बाळ."

मी पाटीवर लिहिलं, 'बाहेरून.' त्याखाली लिहिलं, 'त्याने मारलं.'

ताई, हाड नीट बसलंय. ओठाची डावी कड लुळी पडलीय, पाहून घाबरू नकोस. नस दमलीय, जागी होईल म्हणतात. पोलिसांना जबानी लिहून दिलीय. शनिवारी सोडणार असं दोरूला वाटतंय, पण डॉक्टरबाई मला शुक्रवारी सकाळी मागच्या दाराने सोडणार आहेत. त्याला फोन करू नकोस. गाडी घेऊन ये. मला त्या घरी परत जायचं नाहीये.

तुझीच धाकटी,
स्मारांदा