चहाच्या रंगाची तबकडी

६ जानेवारी १९८९

मिळालं! दोंडाईच्याला, छगन भंगारवाल्याकडे, गंजक्या कुलुपांच्या ढिगात! नागलीच्या पापडाइतकं पातळ मनगटी घड्याळ, बाहीखाली सहज सरकेल असं. मराठी आकडे. आणि तबकडी चहाच्या रंगाची!

छगन म्हणाला, "हाई चालत नई भाऊ, काय करशात यानं?" काय सांगू त्याला! गाडीत दोनदा रुमाल सोडून बघितलं.

७ जानेवारी

आमच्या सौ. बेबाबाई म्हणतात, "घरात डझनभर घड्याळं, आणि वेळ बघायला रेडिओ लावायचा!" म्हणू देत.

आबांच्या मनगटावर नेमकं हेच होतं. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. शेतातसुद्धा काढत नसत. मी लहानपणी त्यांच्या मांडीवर पडून कान लावायचो — टिकटिक आणि तंबाखूचा वास. मी मॅट्रिकला असताना चोपड्याच्या बाजारात कुणीतरी ते लांबवलं. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. मायही जेवली नाही.

नऊ वर्षं शोधतोय. मराठी आकड्यांची पांढरी दोन सापडली होती, सोडून दिली. आबांचं चहाच्या रंगाचं! कारखान्याने त्या रंगाची मोजकीच काढली असणार, हे माझं ठाम मत. माय आता खाटेवरून उठत नाही. घड्याळ चालू करून एकदा तिच्या हातात द्यायचं. बस्स, एवढीच इच्छा आहे.

१० जानेवारी

धुळ्याला नूर महंमदकडे दुरुस्तीला टाकलं. जुना दोस्त. मायला दाखवायचंय म्हणालो, तर म्हणतो, "माँ के लिए? फिर फिकर मत करो."

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळही गोड लागला नाही. सगळा जीव धुळ्यात.

२१ जानेवारी

वाट लागली!

घड्याळ चालतंय. आकडे तेच. पण तबकडी पांढरी! कोरी करकरीत! नूर महंमदने माझ्यासाठी खास रंगवून घेतली. "इतनी मैली चीज माँ के हाथ में कैसे देते, भाऊ?" वर पैसे घेईना. चेहरा असा फुललेला! "झकास झालं," म्हणालो. चहासुद्धा प्यालो त्याच्याकडे. मग स्टँडवर येऊन रसवंतीच्या मागे उभा राहिलो आणि रडलो. पन्नाशीचा बाप्या!

आता हे त्या सोडून दिलेल्या दोन घड्याळांसारखंच तिसरं.

२२ जानेवारी

नूर महंमदचा राग येतो, आणि राग आला याचीही लाज वाटते. त्याने जीव लावून केलं.

संध्याकाळी शिंदखेड्याहून धाकट्या भावाचा, वनाचा, निरोप — माय दोन दिवस जेवत नाही, ये. बेबाबाई म्हणाल्या, "घड्याळ घेऊन जा. मायला आता रंग काय कळतोय!" नेणार नव्हतो. पण पिशवीत टाकलंय.

२३ जानेवारी, शिंदखेडा

मायने घड्याळ हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं. मी सांगायला लागलो, की हे आबांच्यासारखंच होतं गं, पण रंगवलं गेलं — तर मला थांबवलं.

"हाई त्यास्नंच घड्याय शे. लगीनमा असंच पांढरं व्हतं. मंग घामघाई पिवयं पडी गयं."

म्हणजे चहाचा रंग कारखान्याचा नव्हताच! आबांच्या घामाचा होता. मला तर आबा घामाचेच आठवतात. तिला नवरदेव आठवला.

घड्याळ उशाशी ठेवलं, आणि पडल्या पडल्या डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. खोलीत मीच होतो.